राष्ट्रपती सही करीनात

“मॅडम, राष्ट्रपती सही करीनात.”

स्टाफरूमच्या दारात सारिका उभी होती. ओढणी कमरेला खोचलेली, डोळे लाल. माझ्या हातात चहाचा कप होता. मी विचारलं, “कोणते राष्ट्रपती?”

“आपले. भागवतभाऊ. बिल घेऊन बसलेत. आज देतो, उद्या देतो, करून राह्यलेत. आज इचारलं तर म्हणतेत, मी अभ्यास करून राह्यलो.”

भागवत आणि अभ्यास हे दोन शब्द एका वाक्यात मी पहिल्यांदाच ऐकत होते. हसू दाबायला मी चहाचा घोट घेतला. पण पोरगी रडकुंडीला आली होती, म्हणून कप खाली ठेवला आणि तिला बसायला खुर्ची दिली.

मी राज्यशास्त्र शिकवते. हसनाबादजवळच्या एका कॉलेजात, बी.ए.च्या वर्गांना. जालन्याहून रोज जाऊन-येऊन करते. राष्ट्रपतींचे अधिकार हा प्रश्न परीक्षेत हटकून येतो आणि त्याचं उत्तरही हटकून एकच येतं. राष्ट्रपती हे देशाचे प्रथम नागरिक असतात. मग तेच वाक्य उलटंपालटं करून पान भरलेलं असतं. वर्षानुवर्षं ते वाचून माझं डोकं उठलं होतं.

म्हणून त्या साली मी वर्गाची संसद भरवली. दुसरं वर्ष लोकसभा, तिसरं वर्ष राज्यसभा. आता अशा संसदा सगळीकडे भरतात, पण त्यात पोरं मोबाईलवरून उतरवलेली भाषणं ठोकतात. परराष्ट्र धोरण, संरक्षण खर्च, टाळ्या, फोटो, घरी. मला ते नको होतं. मी प्राचार्यांना म्हटलं, “सर, पोरांना त्यांच्या गरजेचा कायदा करू द्या. संविधानात सांगितलंय त्या पायऱ्यांनी पास झाला, तर कॉलेजनं तो मानायचा.”

सर त्या दिवशी खुशीत होते. वर्गात येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, “बराबर पास करून आणा. मी लागू करतो.” त्यांना वाटलं, पोरं थंड पाण्याची मशीन मागतील.

सारिकानं कॉलेजची वेळ बदलून मागितली.

आमचं कॉलेज अकरा ते पाच. सारिका केदारखेड्याच्या बाजूच्या एका वस्तीवरून यायची. फाट्यावर उतरून पुढे शेतातल्या रस्त्यानं पायी. थंडीच्या दिवसांत ती फाट्यावर उतरेपर्यंत अंधार पडायचा. दोन्ही बाजूंना उंच तुरी, मधे चिटपाखरू नाही. वडील मेंढरं घेऊन रानात, त्यांना रोज फाट्यावर येऊन थांबणं जमत नव्हतं. एका संध्याकाळी ते तिला सांगून मोकळे झाले, “दिवाळीपस्तोर जा. मंग बास.”

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या रस्त्यानं मी भर दुपारीसुद्धा एकटी गेले नसते. पण पोरगी हुशार होती, आणि तिचं शिक्षण एका फाट्यावर अडकलं होतं. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. बाकी कुणाला बोलू नका म्हणाली. घरची गोष्ट, चव्हाट्यावर कशाला?

तर सारिका पंतप्रधान झाली. वर्गात मुली जास्त, त्यामुळे बहुमत तिचंच. तिनं विधेयक आणलं. विधेयक म्हणजे कायदा होण्याआधीचा मसुदा, पोरांच्या भाषेत बिल. त्यात एवढंच होतं की कॉलेज सकाळी सात ते बारा भरावं. सकाळी निघताना अंधार असला तरी मेंढरं सोडायच्या आधी वडील तिला फाट्यापर्यंत घालवू शकत होते. तिच्या बाजूच्या बऱ्याच मुलींना ते सोयीचं होतं, कारण दुपारून कापूस वेचायला जाता यायचं.

विरोध होता तो दुधाच्या पोरांचा. ही सात-आठ पोरं पहाटे म्हशींचं दूध काढून किटल्या मोटारसायकलला लावतात आणि हसनाबादच्या केंद्रावर घालतात. त्यांचा म्होरक्या भागवत. मधे काही वर्षं शिक्षण सुटलेलं, त्यामुळे वयानं मोठा, अंगानं दांडगा आणि आवाज असा की माईक लावायची गरज नाही. तो उभा राहून दोन वाक्यं बोलला असता तर निम्मी सभा फिरली असती.

इथं सारिकानं जे केलं, ते आमच्या भागातल्या माणसालाच सुचेल. आमच्याकडे गावात कुठलाही कार्यक्रम असो, सप्त्याची बैठक असो की शाळेचं गॅदरिंग, एखादा माणूस विरोधात बोलणार अशी कुणकुण लागली की त्याला सरळ कार्यक्रमाचा अध्यक्ष करतात. शाल, श्रीफळ, मधली खुर्ची. अध्यक्ष सगळ्यात शेवटी बोलतो. तोपर्यंत लोक चपला शोधायला लागलेले असतात आणि मांडववाला सतरंज्या गुंडाळत असतो. माणूस खूशही होतो आणि गप्पही बसतो.

सारिकानं भागवतला राष्ट्रपती केलं.

तिच्या बाजूनं हिशेब अगदी पक्का होता. राष्ट्रपती संसदेचा भाग असतो, पण कुठल्याच सभागृहाचा सदस्य नसतो. चर्चेत बोलता येत नाही, मत देता येत नाही. भागवतला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या आईनं शर्टाला इस्त्री करून दिली. पोरांनी प्राचार्यांची फिरती खुर्ची आणून तिच्यावर टॉवेल टाकला. हार घातला. गडी खुशीत.

चर्चेच्या दिवशी मात्र तो सवयीनं उभा राहिला. “माझा या बिलाला इरोध हाय!”

सभापती झालेली मुलगी शांतपणे म्हणाली, “आपण सभागृहाचे सदस्य नाही आहात. कृपया बाहेर बसा.”

सगळा वर्ग हसला. भागवतही हसला, पण त्याचे कान लाल झाले. माझ्याकडे बघून म्हणाला, “मॅडम, राष्ट्रपती म्हंजे सगळ्यात मोठा ना? मंग मला मत कामून न्हाई?”

मी सांगितलं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष स्वतः सरकार चालवतो. आपल्याकडे सरकार चालवतात पंतप्रधान आणि मंत्री, ते लोकसभेला जबाबदार असतात. राष्ट्रपती त्यांच्या सल्ल्यानं वागतो. त्याच्या नावानं सगळं होतं, पण करतात ते.

“म्हंजे मी नवरदेव,” भागवत म्हणाला. “घोड्यावर मी, पर घोडा वढणारा दुसराच.”

“असंच समज,” मी म्हटलं. “पण एक काम तुझ्याशिवाय होत नाही. दोन्ही सभागृहांनी पास केलेलं बिल तुझ्याकडे येणार. तू सही केलीस तर कायदा. नाही तर तू एकदा ते परत पाठवू शकतोस, पुन्हा विचार करा म्हणून. त्यांनी पुन्हा पास केलं, बदल करून किंवा तसंच, की मग सही करावीच लागते.”

त्यानं मान डोलावली. मला वाटलं, कानावरून गेलं. बिल दोन्हीकडे धडाक्यात पास झालं. भागवतनं ते दोन्ही हातांनी घेतलं, घडी करून पिशवीत ठेवलं, मोटारसायकलला किक मारली आणि गेला.

त्यानंतर आमच्या लोकशाहीत काहीच हललं नाही. प्राचार्य दोनदा विचारून गेले, “झालं का तुमचं?” दिवाळी जवळ येत चालली होती. आणि आता सारिका माझ्यासमोर बसून ओढणीच्या टोकाला पीळ घालत होती.

“मॅडम, महाभियोग आणायचा.”

महाभियोग म्हणजे राष्ट्रपतीला पदावरून काढायची रीत. ती मुद्दाम अवघड ठेवलेली आहे. दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतं लागतात. आणि कारण एकच चालतं, संविधानाचा भंग.

“त्यानं कुठला भंग केलाय?” मी विचारलं.

“सही न्हाई केली!”

“संविधानात सहीची तारीख कुठंय? अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला दहा दिवसांची मुदत आहे. आपल्याकडे तसं काही लिहिलेलं नाही. तुम्ही त्याला सल्ला द्या, तो मानणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पण कधीपर्यंत, ते लिहिलेलं नाही. बिल नुसतं दाबून बसला तर त्याला पॉकेट व्हेटो म्हणतात.”

सारिका ताडकन उभी राहिली. “मॅडम, माझं कॉलेज बंद पडून राह्यलंय, आन् तुम्ही मला कलमं सांगून राह्यल्या!”

मला झोंबलं. खरंच झोंबलं. त्या क्षणी मी भागवतला बोलावून दम देऊ शकले असते. त्यानं निमूट सही केलीही असती. प्राचार्यही तेच म्हणत होते, “तुम्ही सांगा ना त्याला, किती वेळ घालवायचा?” पण मग ती संसद माझी झाली असती, त्यांची राहिली नसती. आणि सात वाजता कॉलेज म्हटल्यावर ती दुधाची पोरं काय करणार होती, हे त्या बिलात कुठंच नव्हतं. हे मला आधीपासून खुपत होतं.

मी म्हटलं, “बस. पंतप्रधानाचं एक कर्तव्य असतं. सरकार काय करतंय, कशासाठी करतंय, हे राष्ट्रपतीला जाऊन सांगायचं. तू कधी गेलीस?”

ती म्हणाली, “तो सकाळी केंद्रावर असतो.”

“मग तिथं जाऊ.”

दुसऱ्या दिवशी मी लवकरची गाडी धरली. सारिका आणि तिची मैत्रीण केंद्राबाहेर उभ्याच होत्या. किटल्यांची रांग लागलेली, मोजायच्या मशीनपाशी गलका चाललेला. भागवतच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट नव्हता. बाह्यांवर दुधाचे ओघळ होते.

“आयला, पंतप्रधान?” तो म्हणाला, मग मला बघून जीभ चावली. “आन् मॅडम बी?”

“माहिती द्यायला आले,” सारिका म्हणाली. “संविधानात लिव्हलंय.”

रांगेतले एक काका पुढं वाकले. “कोण पंतप्रधान म्हन्ला?”

“काका, तुमी दूध घाला,” भागवत म्हणाला आणि किटली खाली ठेवून बाजूला आला.

सारिका थेट मुद्द्यावर आली. “पटत नव्हतं तर परत पाठवायचं. दाबून कामून ठेवलं?”

“परत पाठवलं का हातातलं गेलं,” भागवत म्हणाला. “तुमच्याकडे मतं हायेत. तुमी तसंच्या तसं पास करून आणणार, मंग मला सही करावीच लागंल. मॅडमनीच सांगितलंय. म्हून ठेवून घेतलं. माझ्याकडं तेवढंच हाय.”

मी चाट पडले. राष्ट्रपतीच्या सहीचं कलम एकशे अकरा इतकं स्वच्छ मला आजवर एकाही उत्तरपत्रिकेत सापडलं नव्हतं. मी भर रस्त्यात खुदकन हसले. दोघांनीही माझ्याकडे रागानं बघितलं.

“आमचं बी ऐक की,” भागवत पुढं म्हणाला. “दूध घालून साडेआठ वाजतेत. सातला कॉलेज म्हटल्यावर आमचे पहिले दोन तास रोज बुडणार. हजेरी भरत न्हाई म्हून परीक्षेला बसू देणार न्हाईत. म्हशीला टाईमटेबल समजत न्हाई, सारिका.”

“मंग चर्चेत कामून न्हाई बोलला?”

“बोलू दिलं का तुमी? हार घालून बाहेर बसवलं ना मला!”

सारिकानं मान खाली घातली. मग तिनं सांगितलं. फाटा, तुरी, अंधार, वडील, दिवाळी. भागवतनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, “हे भाषणात कामून न्हाई आलं? तिथं नुसतं इद्यार्थिनींचं हित, इद्यार्थिनींचं हित.”

“घरचं हाय. सगळ्यांपुढं काय सांगायचं?”

त्यानं हात शर्टाला पुसले. “बरं. मी परत पाठवतो. पर तू पुन्हा सातचंच पास केलं तर?”

“तर तुला सही करावी लागंल.”

“ते ठावं हाय मला. तू काय करशील ते सांग.”

“तू पाठव तर खरं,” सारिका म्हणाली आणि निघाली. तिनं शब्द काही दिला नाही. भागवत माझ्याकडे बघत राहिला. मीही खांदे उडवले. मला तरी काय माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी बिल परत आलं. सोबत राष्ट्रपतींचा संदेश. दूध घालून बी शिकायचं हाय, येळंचं बघा. एवढंच. सभापतीनं तो गंभीर चेहऱ्यानं वाचून दाखवला.

लोकसभेत एकच कल्ला. सारिकाच्या बाजूच्या मुली बाकं वाजवायला लागल्या. “सापडला! आता तसंच पास करा! सही करावीच लागती!” आणि ते अगदी खरं होतं. मतं त्यांच्याकडे होती. हात वर केले असते की काम तमाम. सात वाजता कॉलेज, बारा वाजता सारिका उन्हातून घरी. मी मागच्या बाकावर बसून होते. मला बोलायचा अधिकार नव्हता आणि त्या दिवशी तो असावा असं फार वाटत होतं.

सारिका उभी राहिली. “मी दुरुस्ती मांडते. साताच्या जागी नऊ. नऊ ते दोन.”

“आन् आमच्या वेचणीचं?” तिच्याच मैत्रिणीनं मागून विचारलं. “दोन वाजता सुटल्यावर कोण घेतंय कामाला? अर्धी रोजी जाईल आमची.”

प्रश्न रास्त होता. सारिकानं बाकाची कड धरली. मग म्हणाली, “मला तर सातचंच पायजे होतं. नऊमधी तुमचं नुकसान हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण ऐका.” आणि जी गोष्ट कुणाला सांगू नका म्हणून तिनं मला बजावलं होतं, ती तिनं पूर्ण वर्गासमोर सांगितली. “मला उजेडात घरी जायचंय म्हणून मी हे बिल आणलं. दोनला सुटलं तरी मला उजेड मिळतो. सातचं केलं तर माझं कॉलेज वाचतं आन् त्यांचं जातं. भागवतभाऊ हे बोलंल म्हणूनच मी त्याला राष्ट्रपती केलं. गप बसावं म्हणून. ते काय बराबर न्हाई केलं मी.”

वर्गात कुणी बाक वाजवलं नाही. मतदान झालं. दुरुस्ती पास झाली, पण काठावर. वेचणीला जाणाऱ्या काही मुलींनी विरोधात हात वर केला आणि तो त्यांचा हक्कच होता. प्रश्न विचारणाऱ्या मैत्रिणीनं मात्र बाजूनं मत दिलं, तोंड फुगवून. राज्यसभेत मग फारशी अडचण आली नाही.

भागवतनं फिरत्या खुर्चीत बसून सही केली. सही करताना जीभ बाहेर आली होती. कुणीतरी पुन्हा हार आणला तेव्हा म्हणाला, “हार नको. हारानंच घात केला माझा.”

कायदा घेऊन आम्ही प्राचार्यांकडे गेलो. पुढे सारिका आणि भागवत, मागे मी. सरांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. “नऊ? अरे, स्टाफ जालन्याहून येतो, सिल्लोडहून येतो. मॅडम, तुम्हाला तरी जमणार आहे का? असं करा, जरा पुन्हा एकदा विचार करा.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात सारिका म्हणाली, “सर, पुनर्विचार झालाय. एकदाच असतो. आता सही करावीच लागती.”

सर भागवतकडे वळले, पाठिंबा मिळेल या आशेनं. भागवत म्हणाला, “व्हय सर. मला बी करावी लागली.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. “हेच शिकवता का तुम्ही?”

“हेच शिकवते, सर. शिकलं मात्र यंदा पहिल्यांदा.”

सर हसले. त्यांनी शब्द पाळला, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. स्टाफची बैठक घेतली, सगळ्यांची बोलणी खाल्ली आणि दिवाळीनंतरचं टाईमटेबल नऊचं लावलं. बोलणी मलाही पुष्कळ बसली. एका सहकाऱ्यांनी तर आठवडाभर मला ‘संसद’ म्हणूनच हाक मारली. मला काही वाईट वाटलं नाही. पोरांनी माझ्या विषयाचा उपयोग करून दाखवला होता, आणखी काय पाहिजे मास्तरणीला?

दिवाळीनंतरचा पहिला दिवस. पहाटे उठून डबा केला, धावतपळत स्टँड गाठलं, गाडी पकडली. तरी धापा टाकत वर्गाच्या दारात पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. वर्ग भरलेला. शेवटच्या बाकांवर दुधाची पोरं झाडून सगळी हजर, आणि वर्गात ताज्या दुधाचा वास.

भागवतनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. “मॅडम, कायदा नऊचा हाय.”

वर्ग खो-खो हसला. मी कान पकडले आणि आत जाऊन हजेरी घ्यायला लागले. तर या सगळ्यातून मी शिकले ते एवढंच, की एखाद्याला मानाच्या खुर्चीत बसवून गप्प करायचं असेल, तर आधी त्याच्या हातात पेन नाही ना, हे बघून घ्यावं. आणि पेन असलंच, तर त्याला आधीच जाऊन भेटावं.

सारिकाच्या नावापाशी आले तेव्हा मी मुद्दाम वर बघितलं. पहिल्या बाकावरून मोठ्यानं आवाज आला, “हजर, मॅडम.”